झोप न आणणारी गोळी

इंदुमती नेर्लेकरांच्या घरात सून म्हणून आली ती १९७५ च्या उन्हाळ्यात. नेर्लेकर मूळचे गडहिंग्लजकडचे. दोन पिढ्यांमागे हुबळीच्या बाजारात येऊन भुसार मालात स्थिरावलेले. घरात मराठी, पेढीवर कानडी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. इंदुमती धारवाडची. तिचे वडील पोस्टात होते. त्यांनी मुलीला बी. फार्म. होऊ दिलं, पण त्यापुढं शिकवायची त्यांची छाती झाली नाही. एवढ्या शिकलेल्या मुलीला व्यापारी घरानं आपणहून मागणी घातली, वर हुंडाही नको म्हणाले, याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

अंगाची हळद उतरायच्या आत इंदुमतीला त्याचं कारण कळलं. तिचा नवरा भीमसेन एका सकाळी तिला देशपांडे नगरातल्या एका गाळ्यात घेऊन गेला. आत सुतार फळ्या ठोकत होते. बाहेर पाटी रंगवून तयार होती, ‘इंदुमती मेडिकल स्टोअर्स’. औषधाच्या दुकानाला परवाना हवा तर नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो आणि पगारी माणूस आज ना उद्या सोडून जातो, बायको कुठं जाणार, असं भीमसेन हसत म्हणाला. तिलाही तेव्हा हसू आलं. दुकान आपल्या नावाचं आहे, तर आपणच चालवणार, असं तिनं धरलं होतं.

तिचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलं गेलं. पहिले काही महिने ती खरोखरच दुकानात बसली. मग सासूबाईंचे गुडघे धरले. मग सणवार आले. मग भीमसेन म्हणू लागला की समोर बाईमाणूस असलं की गिऱ्हाइकं काही काही औषधं मागायला लाजतात. असं होता होता ती स्वयंपाकघरात आली आणि प्रमाणपत्र तेवढं भिंतीवर राहिलं. औषध निरीक्षक यायचा असला की आधी कुठूनतरी निरोप यायचा. भीमसेन तिला स्कूटरवरून दुकानात न्यायचा. ती पांढरा कोट घालून बसायची, विचारलं तर रोज इथंच असते म्हणून सांगायची, आणि निरीक्षक चहा पिऊन गेला की परत घरी येऊन राहिलेली भाजी निवडायची. पहिल्यांदा असं खोटं बोलताना तिची जीभ अडखळली होती. पुढं अडखळेनाशी झाली, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

मूल झालं नाही. त्याचं खापर कुणावर फोडायचं हे घरात ठरलेलं होतं.

कॉलेजातलं तिला फारसं आठवत नसे. आठवायचे ते शेषगिरी सर आणि त्यांनी करून दाखवलेला एक प्रयोग. काचेच्या नळीत कोमट खारं पाणी, त्यात गिनीपिगच्या आतड्याचा एक तुकडा दोऱ्यानं टांगलेला, आणि दोऱ्याचं दुसरं टोक एका काडीला बांधलेलं. काडीसमोर काजळी धरलेल्या कागदाचं नळकांडं हळूहळू फिरायचं. सरांनी पाण्यात हिस्टामिनचा थेंब सोडला की आतडं आकसायचं, काडी वर उसळायची आणि काजळीवर पांढरी रेघ उमटायची. मग सरांनी आधी औषध सोडलं आणि नंतर तोच हिस्टामिनचा थेंब. काडी हललीही नाही. पोरं म्हणाली, औषधानं हिस्टामिन मारलं. सर म्हणाले, मारलं नाही. ते पाण्यात होतं तेवढंच आहे. पेशीवर त्याची बसायची एक जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. औषध तिथं आधी जाऊन बसतं. बसून काही करत नाही, फक्त दुसऱ्याला बसू देत नाही. नंतर त्यांनी ते पाणी बदलून आतडं धुऊन काढलं, पुन्हा हिस्टामिन सोडलं, आणि काडी पुन्हा वर गेली. इंदुमतीनं पुढं शिकावं, याच विषयावर काम करावं, असं सर तिच्या वडिलांना घरी येऊन सांगून गेले होते. वडिलांनी त्यांना पोहे खाऊ घातले आणि विचार करतो म्हणाले.

१९८६ चा पाऊस सरला त्या सुमारास नेर्लेकरांच्या लॉरीचा ड्रायव्हर नागोजी याला शिंकांनी हैराण केलं.

नागोजी अळणावरजवळच्या एका खेड्यातला. चाळिशीचा, बोलायला हळू, बारा वर्षं याच घराची लॉरी चालवणारा. बायको चंद्रभागा गावीच शेतात कामाला जायची. घरामागच्या गोदामात माल चढत असताना नागोजी मागच्या दारी पाणी मागायला यायचा. त्या दिवशी इंदुमतीनं त्याला पाहिलं तर डोळे सुजून बारीक झालेले, नाक लाल, हातांवर गांधी. डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी सांगितलं, हा काँग्रेस गवताचा त्रास. त्या वर्षांत ते गवत जिकडंतिकडं माजलं होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना, धारवाड रस्त्यावर नव्यानं वसणाऱ्या नवनगरच्या रिकाम्या प्लॉटांत, रुळांलगत, पांढरी बारीक फुलं घेऊन कमरेएवढं उभं. ड्रायव्हरला ते चुकवणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी बारीक गोळ्या दिल्या होत्या. घेतली की तासाभरात नाक मोकळं व्हायचं, खाज जायची. पण डोळे मिटायला लागायचे. कित्तूरच्या अलीकडं एकदा लॉरी रस्ता सोडून खाली उतरायची तेवढी राहिली होती, म्हणून त्यानं गोळी बंद केली. आता एकापाठोपाठ शिंका येत, आणि शिंक आली की डोळे मिटतातच.

“गोळी घेतली तरी तेच, नाही घेतली तरी तेच,” नागोजी म्हणाला. “असं कसं औषध अक्का हे?”

दुकानातून उठल्यापासून औषधाबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि तिनं त्याला नीट सांगितलं. नाकात, डोळ्यांत, कातडीखाली काही पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य पोटात भरून बसलेल्या असतात. ज्याला त्या गवताचं वावडं आहे त्याच्या अंगात पराग गेला की त्या ते बाहेर टाकतात. मग ते द्रव्य बारीक रक्तवाहिन्यांवर, नसांवर आपापल्या जागी जाऊन बसतं, आणि बसलं की नाक गळतं, खाज सुटते, गांधी उठतात. गोळी त्या जागा अडवून बसते.

“म्हणजे गवताचं काही होत नाही?”

“गवताचं नाही. त्या द्रव्याचंही नाही. ते अंगात असतंच. त्याला बसायला जागा मिळत नाही, एवढंच.”

“मग झोप कशानं येते?”

ती म्हणाली की माणसाला जागं ठेवायच्या कामी मेंदूलाही हेच द्रव्य लागतं, तिथंही त्याच्या तशाच जागा आहेत. रक्तातलं सगळंच काही मेंदूत शिरू शकत नाही, मध्ये एक आडकाठी आहे, पण ही गोळी ती ओलांडून जाते आणि मेंदूतल्या जागाही अडवते. नाकात जे बरं करते तेच डोक्यात वाईट करते. नागोजीनं मान हलवली. त्याला पटलेलं दिसलं.

मग तिनं त्याला नव्या गोळीबद्दल सांगितलं. औषध कंपन्यांची माणसं दुकानात पत्रकं टाकून जायची, भीमसेन ती घरी आणायचा आणि सासूबाई ती डब्यांखाली अंथरायच्या. अंथरायच्या आधी इंदुमती ती वाचायची. त्यांतच तिनं वाचलं होतं की आता अशी गोळी निघाली आहे जी नाकातल्या जागा अडवते पण मेंदूत फारशी शिरतच नाही, त्यामुळं झोप येत नाही. हुबळीत ती अजून सर्रास मिळत नव्हती, पण मागवता आली असती.

“मी सांगते मागवायला,” ती म्हणाली. “ती आली की घ्या. तोवर ही जुनी घेऊन स्टिअरिंगला हात लावू नका. माझ्या पुढ्यात हो म्हणा.”

“हो म्हणतो की अक्का.”

रात्री जेवताना तिनं भीमसेनला सांगितलं. तो बघू म्हणाला. तिनं आठवड्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, महाग आहे, एक नागोजी सोडला तर घेणार कोण. तिनं पुन्हा विचारलं नाही.

दिवाळी तोंडावर आली. बेळगावच्या एका व्यापाऱ्याला भुईमुगाच्या शेंगांची पोती दिवाळीआधी हवी होती. माल भरून तयार झाला तेव्हा नागोजीची अवस्था अशी होती की शिंका देता देता तो लॉरीच्या चाकाला धरून उभा होता. आज दुसऱ्या कुणाला पाठवा, असं त्यानं भीमसेनला सांगितलं. दुसरा माणूस नव्हता. भीमसेन त्याला स्कूटरवर बसवून दुकानात घेऊन गेला आणि कागदाच्या पुडीत दोन गोळ्या बांधून दिल्या. नागोजीनं जेवण करून दोन्ही घेतल्या, ताडपत्री बांधली आणि दुपारी निघाला.

नवनगरपाशी लॉरी रस्त्याच्या कडेला गेली. तिथं सायकलवरून बाबाजी नावाचा एक गवंडी चालला होता. नवनगरातल्या घरांचं काम करायचा. तो जागच्या जागी गेला. लॉरी पुढं वाळूच्या ढिगात घुसून थांबली. लोक धावले तेव्हा नागोजीचं डोकं स्टिअरिंगवर होतं आणि तो जागा होत नव्हता. खाली ओढून काढल्यावर त्याची जीभ जड, पाय लटपटत होते. लोकांनी ओळखायचं ते ओळखलं. पिऊन चालवत होता म्हणून त्याला तिथंच मार बसला, आणि पोलिसांनीही रक्त न तपासता तेच लिहिलं.

संध्याकाळी भीमसेन घरी आला, हातपाय धुतले आणि पाटावर बसला. बराच वेळ त्यानं घास घेतला नाही. इंदुमतीनं काय झालं म्हणून विचारलं. त्यानं अपघाताचं सांगितलं आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “तुझी ती नवी गोळी मागत होता. ती कुठं आपल्याकडं? साधीच दिली.”

“साधी म्हणून सांगून दिलीत?”

“साधी म्हटलं असतं तर त्यानं घेतली असती का? तीच आहे म्हटलं. अक्कानं सांगितलेली तीच का, म्हणून दोनदा विचारलं त्यानं.”

नवी म्हणून जुनी दिली, हे त्यानं पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. सकाळपर्यंत त्यानं स्वतःला सावरलं होतं. सासरे, ज्यांना सगळा बाजार अप्पा म्हणायचा, ते पेढीवर येईल त्याला सांगत होते की ड्रायव्हर आता हाती लागत नाहीत, दारूनं सगळी जात बिघडवली आहे. बारा वर्षांत नागोजीनं थेंब घेतला नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. त्याच भरवशावर ते त्याला एकट्याला मुंबईपर्यंत पाठवत.

चंद्रभागा काही दिवसांनी आली. पुढच्या दारातून अप्पांनी तिला परत पाठवलं, म्हणून मागच्या दारी येऊन उभी राहिली. सुकलेली, काटक बाई. ती रडली नाही. ती म्हणाली की नवऱ्याला तुरुंगात जाऊन भेटून आले, तो म्हणतो अक्कांना सगळं माहीत आहे, अक्का सांगतील.

“तो दारू पीत नाही, एवढं सांगा,” ती म्हणाली. “आणखी काही नको.”

इंदुमतीनं सांगते म्हटलं.

भीमसेनला तिनं त्याच दिवशी सांगून टाकलं की बोलावलं तर आपण साक्षीला जाणार. तो ओरडला नाही. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि व्यवहार समजावून सांगावा तसं सांगितलं. “त्या दुपारी दुकानात होते असं सांगणार की नव्हते असं? होते म्हणालीस तर गोळी तुझ्या हातनं गेली. नव्हते म्हणालीस तर फार्मासिस्ट नसताना दुकान चालू होतं, आणि परवाना तुझ्या नावावर आहे. मी कोण तिथं? मी गल्ल्यावर बसणारा माणूस.” मग म्हणाला, “तुझ्याच भल्याचं सांगतोय इंदू.”

ती म्हणाली, “नव्हते असंच सांगेन. खरं तेच आहे.”

खटला उभा राहायला वर्ष गेलं. नागोजी जामिनावर सुटून गावी गेला होता. लॉरी चालवायला कुणी देत नव्हतं. इंदुमती त्याच घरात राहत होती, स्वयंपाक करत होती, आणि तिच्याशी कामापुरतं सोडून कुणी बोलत नव्हतं. नागोजीचे वकील धारवाडचेच, नवे, उत्साही गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं असं की दारूचा आरोप गेला की खटल्यात दम राहत नाही. इंदुमतीनं शास्त्र समजावून सांगावं, बस्स.

धारवाडच्या कोर्टात ती उभी राहिली. काम कानडीत चालायचं. तिनं कानडीतच शपथ घेतली. वकिलांनी विचारलं तसं तिनं सांगितलं. हिस्टामिन म्हणजे काय, ते कुठं बसतं, गोळी त्या जागा कशा अडवते, मेंदूत शिरली तर माणूस कसा गुंगतो, जीभ कशी जड होते, पाय कसे लटपटतात. दारू प्यायलेल्या माणसात आणि दोन गोळ्या एकदम घेतलेल्या माणसात अनोळखी माणसाला वरवर फरक दिसणार नाही. न्यायाधीश वयस्क होते. ते लिहायचं थांबून ऐकत होते. त्यांनी एक-दोन प्रश्नही विचारले, आणि ते चांगले प्रश्न होते. बोलता बोलता इंदुमतीचा आवाज मोकळा झाला. आपण इतकं नीट बोलू शकतो हे ती विसरूनच गेली होती. मागच्या बाकावर चंद्रभागा पदर तोंडाशी धरून बसली होती. तिला शास्त्र समजत नव्हतं, पण न्यायाधीश ऐकताहेत एवढं तिला दिसत होतं.

मग नागोजीच्या वकिलांनी विचारलं, गोळी कुठून आली. इंदुमती म्हणाली, आमच्या दुकानातून. आपण तिथं नव्हतो, आपण तिथं कधीच नसतो, हेही तिनं सांगितलं. मग कशावरून सांगता, असं विचारल्यावर ती म्हणाली, “त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं मला सांगितलं की...”

सरकारी वकील उभे राहिले. लग्नाच्या नात्यात नवऱ्यानं बायकोला जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय कोर्टात सांगता येत नाही, कायदा तसा आहे, असं ते म्हणाले. न्यायाधीशांनी पुस्तक काढून पाहिलं आणि मान डोलावली. भीमसेन बाहेर व्हरांड्यात होता. त्याला आत बोलावून संमती आहे का विचारलं. त्यानं नाही म्हटलं. त्याआधीच त्यानं साक्षीत सांगून ठेवलं होतं की नागोजीनं आपली नेहमीची गोळी मागितली आणि आपण ती दिली. इंदुमतीनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा न्यायाधीश मृदूपणे म्हणाले, “साकु अम्मा.” पुरे.

आता सरकारी वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. ते आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी फार थोडं विचारलं.

“या गोळीनं झोप येते, हे आरोपीला माहीत होतं?”

“पूर्वी एकदा आली होती.”

“ही घेऊन गाडी चालवणं धोक्याचं आहे, असं त्याला कुणी सांगितलं होतं?”

प्रश्न कुठं जातो आहे ते तिला तेवढ्यात दिसलं. नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. तो उंबरा, ती दुपार, दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. नागोजी आरोपीच्या पिंजऱ्यातून तिच्याकडं पाहत होता, आणि तो नाही म्हणा अशी खूणही करत नव्हता. तो फक्त पाहत होता. अकरा-बारा वर्षं पांढरा कोट घालून ती हवं ते बोलत आली होती. त्यातून सुटायलाच ती इथवर आली होती. शपथेवर पुन्हा एक खोटं सांगायचं तर घरी बसून काय वाईट होतं.

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“काय सांगितलं होतं? शब्द आठवतात?”

“ही घेऊन स्टिअरिंगला हात लावू नका, असं.”

“त्यानं काय उत्तर दिलं?”

“हो म्हणाला होता.”

सरकारी वकील आभार मानून खाली बसले. नागोजीच्या वकिलांनी उठून नव्या गोळीचं काहीबाही विचारलं, पण नवी म्हणून जुनी दिली हे सिद्ध करणारं त्यांच्याकडं नागोजीच्या शब्दापलीकडं काही नव्हतं. नागोजीनं आपल्या जबाबात ते सांगितलं. आरोपी असंच सांगणार, असं सगळ्यांनी धरलं.

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की आरोपी प्यायलेला नव्हता, ही गोष्ट साक्षीदार बाईंच्या माहितीपूर्ण साक्षीवरून दिसते. पण गोळीनं गुंगी येते याची स्पष्ट जाणीव देऊनही त्यानं ती घेऊन अवजड वाहन चालवलं, म्हणून हा निष्काळजीपणा नुसत्या चुकीपेक्षा गंभीर. त्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि ड्रायव्हिंगचं लायसन्स गेलं. निकालाच्या शेवटी एक ओळ होती, दुकानात फार्मासिस्ट नसतो असं साक्षीत आलं आहे, संबंधित खात्यानं लक्ष घालावं.

वकील पायऱ्यांवर इंदुमतीला म्हणाले, “दारू गेली की केस गेली, असं मला वाटलं होतं.” त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पलीकडं बाबाजी गवंड्याचा म्हातारा बाप उभा होता. शिक्षा झाली म्हणून त्याचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. त्यानं कुणालातरी विचारलं की ती बाई आतमध्ये पेशीबिशी काय सांगत होती, आणि ऐकून घेऊन बस पकडायला गेला.

खात्यानं लक्ष घातलं. कारवाई झाली ती इंदुमतीवर. स्वतः हजर न राहता दुकानाला नाव वापरू दिलं म्हणून तिची नोंदणी काही काळासाठी स्थगित झाली. दुकान थोडे दिवस बंद राहिलं. मग भीमसेननं नुकत्याच पास झालेल्या एका पोराचं प्रमाणपत्र मिळवलं आणि ते भिंतीवर टांगलं. पाटी बदलली नाही, कारण नावाला गिऱ्हाईक होतं. ती घर सोडून धारवाडला आली तेव्हा वडील म्हणाले, “थोडं सबुरीनं घ्यायचं होतंस.” ते कशाबद्दल म्हणतात ते तिनं विचारलं नाही. पुढं तिला हुबळीजवळ तारिहाळला गोळ्या पट्ट्यांत भरण्याच्या एका लहानशा कारखान्यात देखरेखीचं काम मिळालं. कारखान्यात तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही.

नागोजी सुटून आल्याचं कळलं तेव्हा ती त्याच्या गावी गेली. रस्ता विचारत घरापर्यंत पोचली. नागोजी अंगणात विळ्याला धार लावत होता. बराच वाळला होता. उठून त्यानं तिला बसायला घोंगडं टाकलं आणि चंद्रभागेला चहा ठेवायला सांगितलं. पीक कसं आहे, पाऊस कसा आहे, असलं बोलणं झालं. त्याचं नाक गळत होतं. मध्येच तो बाजूला तोंड करून शिंकायचा. आता कुठलीच गोळी तो घेत नव्हता. तिनं नव्या गोळ्यांची एक पट्टी पिशवीतून आणली होती, ती तिनं बाहेर काढलीच नाही.

चहा झाल्यावर नागोजी म्हणाला, “अक्का, एक विचारतो. तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असता, तर मी सुटलो असतो का?”

तिनं या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा मनात घोळवलं होतं. सांत्वनाचंही एक उत्तर तयार होतं.

“बहुतेक सुटला असता,” ती म्हणाली.

त्यानं विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. “तुम्ही खरं बोलला. त्यात तुमचं काय चुकलं ते मला सांगता येत नाही. तुमच्यावर राग धरायचा का नाही, ते मला काही ठरवता येईना बघा.”

“मला येतंय,” चंद्रभागा दारातून म्हणाली.

तिनं पुढं येऊन इंदुमतीसमोरची कपबशी उचलली आणि मोरीवर जाऊन विसळायला घेतली. नागोजीनं मान वर केली नाही. इंदुमती निघते म्हणाली. फाट्यावर बस उशिरा आली. तोवर ती उन्हात उभी होती, आणि कडेच्या चहाच्या टपरीवाल्यानं दोनदा आत सावलीत बसायला सांगूनही ती गेली नाही.